स्वतंत्र माणूस ओ देत नाही

३ एप्रिल. सकाळ.

आजपासून साधं राहायचं. ठरलं.

कारण रविवारच्या पुरवणीतला लेख. माणसाने गरजा कमी कराव्यात, निसर्गाच्या जवळ जावं, दुसऱ्याच्या डोक्याने विचार करणं बंद करावं, असं त्यात आहे. अर्धाच वाचून झाला. पुढचा भाग पान सहावर होता आणि पान सहा हिने कपाटाच्या फळीवर अंथरलं आहे, वर काचेचे कप. मुद्दाम अंथरलं असावं. ओढायला गेलो तर म्हणाली, एक जरी कप फुटला तर बघा. असो. उरलेला अर्धा लेख स्वतःच्या डोक्याने भरून काढीन. लेखाचं म्हणणंही तेच आहे. निदान पहिल्या अर्ध्याचं.

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला जाणार. तिला आजपासून कुटी म्हणायचं. हिला सांगितलं. वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल, निदान हातातलं काम तरी थांबेल. म्हणाली, बरं, जाताना ते जुन्या रेडिओचं खोकं पण न्या, धूळ खात पडलंय.

नुसतं बरं? इतक्या वर्षांच्या संसारानंतर? यात काहीतरी आहे. उभा जन्म फॅक्टरीच्या गेटवर लोकांच्या पिशव्या तपासण्यात गेला. जो माणूस न सांगता पिशवी उघडून दाखवतो, त्याच्याच डब्यात तांब्याची तार सापडते.

दुपार. सोडलेल्या गोष्टी: आरामखुर्ची, पंखा, घड्याळ, मोबाइल, पेपर. चष्मा ठेवला. चष्म्याशिवाय निसर्ग दिसत नाही.

४ एप्रिल.

झोप नाही. पत्रा रात्रभर टणटण वाजतो. पहाटे पक्षी. लेखात किलबिल असं लिहिलं होतं. ही किलबिल नव्हे, हे भांडण आहे. एक काळा पक्षी तारेवर बसून माझ्याकडेच बघत होता. मी जागा बदलली, त्याने मान वळवली.

दुपारी चहाच्या वेळी ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, अहो! सवयीने ओरडली असणार. गेलो नाही. स्वतंत्र माणूस हाकेला ओ देत नाही. पुन्हा ओरडली, अहो, चहा निवतोय! श्वास रोखून बसलो. तिसऱ्यांदा हाक आली नाही.

विजय. घसा कोरडा पडला, पण तो हवेमुळे.

हाकेनंतर एक पिवळा बोका मात्र भिंतीवरून उडी मारून घराकडे गेला. शेपटी वर, जणू सातबारा त्याच्याच नावावर. नोंद: मांजरं परावलंबी असतात. यावर पुढे विचार करायचा.

६ एप्रिल.

विटा मांडून चूल केली. बटाटे उकडले. बाहेरून काळे, आतून कच्चे. धूर इतका की निसर्ग दिसेना.

शेजारचा कॅशियर कुंपणावरून डोकावला. बँकेतून रिटायर झालाय, मिशा झुपकेदार, नजर वाईट. म्हणाला, काय महाराज, स्वयंपाक चाललाय की पुरावे जाळताय? मी चूल फुंकत राहिलो. मग म्हणाला, वहिनी एकट्याच असतात हल्ली, काही लागलं तर सांगा म्हणावं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं आहे.

संध्याकाळी दाराबाहेर डबा. मी मागितला नव्हता. पण निसर्ग जे आपणहून देतो ते घ्यावं असं लेखात आहे, आणि डबा आपणहून आला होता. दुधाचा पेलाही होता. सगळं घेतलं.

८ एप्रिल.

पंखा आणला. नीट विचार करूनच आणला. वारा हा निसर्गच आहे. पंखा तो फक्त हलवतो. वायर खिडकीतून टाकावी लागली. ही म्हणाली, खुर्ची पण देऊ का काढून? म्हटलं, अजिबात नको. म्हणाली, तेच बरं.

तेच बरं म्हणजे काय?

भोपळ्याचा वेल आमच्या मातीत, आमच्या पाण्यावर वाढला आणि आता कुंपण ओलांडून कॅशियरकडे गेला आहे. भोपळा त्याच्याच बाजूला धरला. वेल आपणहून जात नाही. कुणीतरी बोलावतो.

११ एप्रिल.

डब्यासोबत दूध नाही. कालही नव्हतं. हिला अंगणात गाठून सहज विचारावं तसं विचारलं, दूधवाला येत नाही का? म्हणाली, येतो की, पण आता पुरत नाही.

मी घर सोडल्यावर दूध उरायला हवं. एक माणूस कमी झाला तर खप वाढतो कसा? गेटवर असा हिशेब कुणी सांगितला असता तर त्याला बाजूला उभं केलं असतं.

१३ एप्रिल. सकाळ.

हादरलो आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मुंग्यांचं निरीक्षण करत होतो. आतून हिचा आवाज आला, अहो, उठा आता, किती वेळ खुर्ची अडवून बसणार?

मी बाहेर. खुर्ची आत. मग अहो कोण?

नीट विचार केला. प्लंबरला ही दादा म्हणते. डॉक्टरला डॉक्टर. कॅशियरला भाऊजी. लग्न झाल्यापासून या घरात अहो एकच. ती माझं नाव घेत नाही, मला दुसरं काही म्हणत नाही. तिच्या तोंडी अहो म्हणजे मी. यात दुसरा अर्थ निघतच नाही.

दुपार. पुन्हा खिडकीखाली. मुंग्या गेल्या होत्या, तरी थांबलो. ही म्हणाली, अहो, मिशा पुसा, दूध लागलंय. आणि हसली. असं हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नाही.

मला मिशा नाहीत.

कॅशियरला आहेत.

१४ एप्रिल.

सकाळपासून कॅशियरवर नजर. तो दिवसभर स्वतःच्याच व्हरांड्यात बसून होता. भोपळ्यावर थाप मारून बघत होता. तरी आतून दोनदा अहो ऐकू आलं. पण यावरून काही सिद्ध होत नाही. फॅक्टरीत कार्ड एकीकडे पंच व्हायचं आणि माणूस तिसरीकडेच झोपलेला असायचा.

आत जाऊन सरळ बघता आलं असतं. गेलो नाही. साध्या राहणीच्या नियमात घरात जाणं बसत नाही. शिवाय काय दिसेल ते सांगता येत नव्हतं.

दुपारी चुकून चपला काढून मागच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

१५ एप्रिल.

मुलीचा फोन आला होता. माझा मोबाइल मी सोडला असल्यामुळे ती आता आईच्याच फोनवर बोलते. बोलणं ऐकलं असं नाही. खिडकी उघडी होती.

ही म्हणत होती, अहो ना? मजेत आहेत अगदी! चांगलं अंग धरलंय. दिवसभर खुर्चीत. रात्री कुठे उंडारतात कोण जाणे, सकाळी पायांना चिखल. पण आले की पायाशी येऊन बसतात गं. तेवढं बरं वाटतं.

मुलगी पलीकडून खो खो हसत होती. म्हणजे मुलगीही सामील.

अंग धरलंय! माझी पँट सुतळीने बांधावी लागते.

पायाशी येऊन बसतात, हे पुन्हा पुन्हा आठवतंय. मी तिच्याजवळ कधी बसत होतो ते आठवून पाहिलं. जेवताना. पण तेव्हा पेपर असायचा.

संध्याकाळी निसर्गाकडे लक्ष लागलं नाही. तो काळा पक्षीही आज आला नाही. त्यालाही सगळं कळलं असावं.

१६ एप्रिल. सकाळ.

कॅशियर आमच्या फाटकातून आत शिरला. हातात पिशवी. मी कुटीतून निघालो आणि आडवा उभा राहिलो. हात आपोआप पुढे गेला. म्हटलं, पिशवी दाखवा.

म्हणाला, अहो, माशाचं डोकं आहे.

म्हटलं, कुणासाठी?

म्हणाला, अहोंसाठी. वहिनी म्हणाल्या त्यांना फार आवडतं.

मला मासा चालत नाही. वासानेही मळमळतं. हे त्याला माहीत आहे. मी म्हटलं, अहो म्हणजे कोण ते नीट सांगा. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मिशा थरथरायला लागल्या. म्हणाला, तुम्हाला अजून ओळख करून दिली नाही? मग माझी पिशवी कसली बघताय, आत जाऊन खुर्ची बघा.

गेलो. चपला घालूनच गेलो. एवढी घाई होती.

माझ्या आरामखुर्चीत पिवळा बोका. एक कान फाटलेला, पोट खुर्चीभर. माझ्या पाठीचा खड्डा पडलेल्या उशीत बरोबर बसला होता. ही दारातून आली, माझ्या पायांकडे बघितलं, आणि बोक्याला म्हणाली, अहो, पाहुणे आलेत, जरा सरका.

तो सरकला नाही. मी उभाच राहिलो.

दुपार. हायसं वाटलं का? अजिबात नाही. बोका आहे म्हणून कुणी निर्दोष ठरत नाही. हिला विचारलं, मांजराला हे नाव ठेवायचं कारण? म्हणाली, मी कशाला ठेवू? तुम्ही तिकडे गेलात, दुसऱ्या दिवशी सवयीने चहाला हाक मारली. दोनदा मारली. तुम्ही आला नाहीत. हा आला.

मग ती पातेलं घासायला लागली. पातेलं स्वच्छ होतं.

म्हटलं, मला ऐकू आलं नव्हतं. यात खोटं काही नाही. स्वतंत्र माणसाला काय ऐकू यावं ते तोच ठरवतो. ती पातेलं घासतच राहिली.

१७ एप्रिल.

कुटीची पाहणी केली. पत्र्याला गंज आहे. गंजलेल्या पत्र्याखाली विचार नीट होत नाही. तात्पुरतं घरात हलतो आहे. ही माघार नव्हे. निसर्ग घरातही असतो. बोका हा निसर्गच आहे.

पंखा, अंथरूण आणि रेडिओचं खोकं परत आणलं. खोकं बघून हिने हातात फडका आणून दिला.

१८ एप्रिल.

हिच्याशी सविस्तर बोलणी केली. माझं म्हणणं असं की मी परत आलो आहे, तेव्हा हाक मला परत मिळावी. बोक्याला दुसरं नाव द्यावं, पिवळ्या किंवा काहीही.

म्हणाली, आता तो त्या हाकेला येतो. येणाऱ्याची हाक काढून घेऊन न येणाऱ्याला का द्यायची?

म्हटलं, मी आता येईन की.

म्हणाली, बघू.

म्हटलं, मग मला काय म्हणणार?

म्हणाली, विचार करते. स्वतःच्या डोक्याने.

हा टोमणा आहे. तिने लेख वाचला असावा. कदाचित पान सहाही.

१९ एप्रिल.

सकाळपासून तिने मला कसलीच हाक मारलेली नाही. काम असलं की सरळ समोर येऊन उभी राहते, बोट दाखवते. चहा झाला की कप टेबलावर ठेवते. कप वाजला की मी समजायचं.

दिवसातून पुष्कळदा घरात अहो ऐकू येतं. दर वेळी मी उठतो. दर वेळी बोका माझ्या आधी पोहोचतो. दुपारी एकदा मी आधी पोहोचलो. ही म्हणाली, तुम्ही नाही. मी पाणी प्यायला आलोय असं दाखवलं. तहान नव्हती. दोन ग्लास प्यालो.

स्टुलावर बसून पाठ धरली आहे. बोक्याला हलवून पाहिलं, तो गुरगुरला. ही आतून म्हणाली, त्यांना त्रास देऊ नका.

त्यांना.

२० एप्रिल.

आज जेवताना पेपर बाजूला ठेवला. हिला दिसेल असा ठेवला. तिला दिसलं की नाही कळलं नाही. भाजीबद्दल चांगलं बोललो. तिने वर पाहिलं, म्हणाली, बरं वाटत नाहीये का?

संशय येणारच. एकदम एवढं चांगलं बोलणाऱ्या माणसाची पिशवी मीही उघडून पाहिली असती.

जेवण झाल्यावर ती पायऱ्यांवर बसली. मी एक पायरी खाली जाऊन बसलो, पायापासून जरा लांब. बोका मधे येऊन बसला. बराच वेळ बसलो. वाईट नव्हतं.

२१ एप्रिल. सकाळ.

स्टुलावर बसून साध्या राहणीचा नवा आराखडा मनात मांडत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली.

एका माणसाचं नाव. खणखणीत, पूर्ण.

पहिल्यांदा मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. दारात कुणी नव्हतं. मग लक्षात आलं की नाव माझं आहे. आई गेल्यापासून त्या नावाने घरात कुणी हाक मारलेली नाही. फॅक्टरीत मी गेटवाला होतो, मुलीचा बाबा, इथे अहो. पेन्शनच्या कागदावर तेवढं छापलेलं असतं.

नाव इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

पुन्हा तीच हाक आली, आणि पुढे: दूध उतू जातंय, गॅस बंद कर, माझे हात पिठाचे आहेत!

कर म्हणाली. करा नाही.

बोका खुर्चीतून उठत होता. त्याला म्हणाली, तुम्ही बसा.

मी म्हटलं, ओ. घाईत जरा मोठ्यानेच निघालं. कुंपणापलीकडे कॅशियर खोकला.

धावत गेलो. दूध उतू गेलंच होतं. गॅस बंद केला, ओटा पुसला. ती कणीक मळत उभी होती, कानापर्यंत लाल झाली होती. गॅसच्या उष्णतेमुळे असेल.

एक गोष्ट मात्र खटकते आहे. ज्या बाईने जन्मात कधी नाव घेतलं नाही, ती पहिल्याच वेळी अडखळलीसुद्धा नाही. सरावाशिवाय असं जमत नाही. म्हणजे मी घरात नसताना ही मोठ्याने माझं नाव घेत असणार. किती वर्षं, ते विचारायला हवं.

विचारलं नाही. पुन्हा हाक आली, साखर संपली आहे.