मडगावची जागा आणि माळढोकाचा धडा

१ जुलै १९५२
बजरंगलाल सेठ मडगावला मिरचीची पेढी काढणार. मोठा मुनीम म्हणून आमच्यापैकी एक जाणार, मी किंवा कचरूलाल. जो पोर्तुगीज शिकेल तो. म्हणजे मीच. कचरूलाल माझा शेजारी, मध्ये एकच भिंत. त्याला धड मराठीही येत नाही.

३ जुलै
इथं बँड चालवणारे डिसोजा मास्तर गोव्याचे. त्यांच्याकडं पुस्तक एकच. मी उजाडताच जाऊन आणलं. कचरूलाल दुपारी गेला आणि हात हलवत परत आला. जेवण गोड लागलं.

९ जुलै
धडा एका रानपक्ष्याचा. मास्तर म्हणाले, आपला माळढोकच समजा. सोब्रि म्हणजे वर, दबाइशु म्हणजे खाली, एंत्रि म्हणजे मध्ये. पक्षी गवतात, दगडावर, झुडपाखाली. एका जागी बसेल तर शपथ.

१४ जुलै
कचरूलाल पेढीवर शीळ घालत होता. पुस्तक नाही तरी शीळ! उद्यापासून रोज सकाळी भिंतीजवळ बसून मोठ्यानं म्हणायचं. जळू दे.

२ ऑगस्ट
धडा पाठ झाला. शेवटच्या चार ओळी सोडल्या, त्यांत शिकारी आहे. जैनानं तोंडानं तरी शिकार का करावी? शिवाय अवघड आहेत. बायको, सायर, म्हणते, पेढीवर जा की, सकाळभर पाखरू हाकून राह्यले. बायकांना काय कळतं?

१० ऑगस्ट
पलीकडं बिलकुल आवाज नाही. बिचारा खचला. मडगावला जाताना त्याला माझी जुनी छत्री द्यावी.

१९ ऑगस्ट
परीक्षा. मास्तरांनी विचारलं, धड्यातलं घरटं कुठं आहे? मला ते सुरुवातीपासून म्हटल्याशिवाय सापडत नाही. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा सेठ म्हणाले, बस. कचरूलालनं एका दमात सांगितलं. जागा त्याला. सेठांना मालाची पारख आहे, माणसाची नाही. पोटात जळजळ सुरू आहे. ताकानं शमेना.

२५ ऑगस्ट
काल आमची संवत्सरी झाली, वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडं क्षमा मागायची. आज सकाळीच कचरूलाल क्षमा मागायला दारात. हात जोडून म्हणाला, भाईजी, तुम्ही न दिलेली चीज मी घेतली. रोज तुम्ही धडा म्हणायचे, मी भिंतीला कान लावून ऐकून राह्यलो. अडलं की तुम्ही तीच ओळ दहादा म्हणायचे, मंग मला बराबर पाठ झाली. मिच्छामि दुक्कडम्.

मी क्षमा केली. मन मोठं लागतं. तो हात जोडून तसाच उभा, आता क्षमा मागायची माझी पाळी. मी म्हटलं, माझ्याकडून तर काहीच घडलं नाही.

सायर आतून म्हणाली, भाईजी, तुम्ही जा. हे आपल्या चुका सांगायला बसले तर तुमची परवाची मडगावची गाडी चुकेल.