चाळीसची डिस्क, बत्तीस दाखवते

१० फेब्रुवारी २००४, मंगळवार

दिसतच नाही! सकाळपासून चार वेळा जोडली, चार वेळा काढली. हात ठेवला की डिस्क फिरतेय हे कळतं, बारीक थरथर लागते. पण मशीन चालू केलं की हार्डडिस्कच्या रकान्यात ‘नन’. म्हणजे कुणीच नाही.

आणणारी बाई पोलादपूरच्याही पुढची, आंबेनळी घाटाखालच्या वाडीतली. नाव ठकूबाई. बिस्किटांचा डबा, डब्यात तांदूळ, तांदळात फडकं आणि फडक्यात डिस्क. मुलगा अनिल मुंबईत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो, डिस्क त्याची, तिकडे चालेना. त्याने बजावलं होतं म्हणे, आदळू द्यायची नाही. “गाडीत मांडीवरनं खाली ठेवली नाय,” म्हणाली. आत काय आहे विचारलं तर, “पोराचं काम हाय.”

खुर्ची पुढे केली तर बसली नाही. उंबऱ्याशी उभी. “आत येऊ का?” असं दोनदा विचारलं. दुकानात शिरायला कोण परवानगी मागतं?

११ फेब्रुवारी

केबल बदलली. पिना खोडरबराने पुसल्या. रेडिओच्या काळातला इलाज, अजून लागू पडतो. मग डिस्क दिसली, पण नाव भलतंच, नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. एक पिन वाकडी होती. चिमट्याने सरळ केली तेव्हा नाव नीट आलं.

आता आकडा चुकीचा. डिस्कवर चाळीस जीबी छापलंय, मशीन बत्तीस दाखवतं. उरलेले आठ कुठे गेले? विंडोज विचारते, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? नको बाई. या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हटलेले लोक नंतर माझ्याच दुकानात येऊन रडतात.

गोदावरी म्हणाली, “जेवताना तरी ती बाजूला ठेवा.” ठेवली.

१३ फेब्रुवारी

ठकूबाई परत आली. आज बसली, आणि बोलली.

त्यांच्या वाडीत राहीबाई म्हणून विधवा आहे. दिराने वाटणी नाकारली. गावकीपुढे न जाता ती सरळ कोर्टात गेली. गावकीने तिला वाळीत टाकलं. वाडीची विहीर बंद. ठकूबाईचा नवरा चांगू, त्याची स्वतःची विहीर आहे, तो म्हणाला माझ्या विहिरीवर भर. झालं! तेही घर वाळीत. आता त्यांच्याशी कुणी बोललं तर बोलणाऱ्याला दंड. दुकानदार मीठ देत नाही. पावसाळ्यात चांगूची चुलती गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. अनिलने पोलादपूरहून टेम्पोवाले आणले. “अनोळखी माणसांनी नेली ओ तिला,” म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आणि डिस्क? ज्या बैठकीत चांगूला वाळीत टाकलं, तिचं शूटिंग आहे त्यात. चोरून केलेलं नाही. गावकीनेच अनिलला करायला लावलं, मुंबईच्या मंडळींना येता आलं नाही, त्यांना दाखवायला! शिमग्याचं करतात तसं. आपण काही गैर करतोय हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःच्या बापाला गावाबाहेर काढताना पोराने कॅमेरा धरला. कॅसेट त्यांनी नंतर काढून घेतली, पण कॉपी अनिलच्या मशीनवर राहून गेली.

महाडच्या वकीलबाई म्हणाल्यात, तक्रार करू, पण पुरावा आणा. तोंडी बोलण्याला सगळी वाडी नाही म्हणेल. शिमग्याच्या आत व्हावं एवढंच ठकूबाईचं मागणं. “पालखी दारावरनं पुढं गेली तर हे जगायचे नाय.” हे म्हणजे चांगू. शिमग्यात देवाची पालखी दारोदार थांबते, वाळीतल्या घरापुढे थांबत नाही. महिनाभर अंथरुणातून उठलेला नाही.

मी म्हटलं, बघतो. काय बघणार? साप म्हणून भुई धोपटणं चाललंय.

१४ फेब्रुवारी

पॉवर सप्लाय बदलला. दुसरं मशीन लावलं. बत्तीस.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मुरारीशेठ आले. वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. मंडळाने पोलादपुरात कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलंय, त्याची दहा मशीन मी जोडतोय. खोकी दुकानात येऊन पडलीत. टीव्ही दुरुस्ती संपल्यापासून एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. गोदावरीची शाळेतली नोकरी नसती तर दुकान कधीच बंद करावं लागलं असतं.

खोकी बघितली, चहा घेतला. मग म्हणाले, “बाळशेठ, आमच्या वाडीतली एक डिस्क तुमच्याकडं आलीय असं ऐकलं.”

महाडात काही लपत नाही.

“चालत नाय ना ती?”

मी म्हटलं, “नाही चालत.”

“बस. टेन्शन नाय मग.” खांद्यावर हात ठेवून गेले. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. माणूस बोलायला इतका गोड की त्याच्यावर रागावताही येत नाही.

मी खोटं बोललो नाही. आज ती खरंच चालत नव्हती.

१७ फेब्रुवारी

चालली.

काखेत कळसा! डिस्कच्या मागे पिनांच्या रांगेत एक जास्तीचा जंपर होता, दोन पिना जोडणारं टोपण, तांदळाच्या दाण्याएवढं. डिस्क मोठी आहे हे जुन्या मशीनला झेपत नाही, म्हणून तो लावून तिला लहान भासवतात. अनिलच्या मालकाकडे कुणीतरी लावला असणार आणि काढायचा राहिला. काढला तर माझं जुनं मशीन अडकूनच बसलं. नवीन मदरबोर्ड हवा. तो फक्त मुरारीशेठच्या खोक्यात. एक खोकं फोडलं. एका मिनिटात चाळीसच्या चाळीस, सगळ्या फाइल्स जागेवर.

बघायला नको होतं. बघितलं. दुसरीकडे बोलायचं नाही म्हणून इथे लिहितो.

देवळाचा सभामंडप, घड्याळात पावणेपाच, पडद्यावर तारीख ११ मे २००३. तीसेक पुरुष बसलेत. चांगू खांबाला टेकून उभा, हात जोडलेले. मुरारीशेठ उठतात. “राहीचं घर बंद हाय ते बंदच. आजपासून चांगूच्या घराशी विस्तव-पाणी बंद. बोलील त्याला दंड. कबूल असंल त्यानं हात वर करा.” पहिला हात त्यांचाच. मग एकेक करत सगळे. चांगूच्या सख्ख्या भावाचा शेवटी, पण वर झाला. कुणीतरी विचारतं, “कॅमेऱ्यात येतंय ना रं सगळं?” आणि कॅमेऱ्यामागून अनिलचा आवाज, “येतंय.” मग चांगू म्हणतो, “राहीला पाणी दिलं, इख दिलं नाय.” हसतात सगळे. दरवाज्याबाहेर दोन बायका दिसतात, एक ठकूबाई. दुसरी राहीबाई असावी. तिचं नाव तीनदा घेतलं, पण बोलायला आत कुणी बोलावलं नाही.

डिस्क काढून डब्यात ठेवली. खोकं परत चिकटवलं.

१८ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. दुकान बंद. साबुदाणा तसाच ठेवून उठलो.

२० फेब्रुवारी

ठकूबाई आली. तिच्या तोंडाकडे न बघता म्हटलं, “अजून दिसत नाही. शिमग्यानंतर या.”

“शिमग्यानंतर काय करू तिला?”

जुन्या मशीनवर जंपर लावून दाखवलं तिला, बत्तीस. बघा, मी प्रयत्न करतोय! काय हुशारी. तीस वर्षं लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू चालू केल्या, आज चालणारी बंद करून दाखवली.

जाताना डबा उचलायला गेली, मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुमचा हात चांगला हाय असं सगळी म्हणतात.”

२४ फेब्रुवारी

चार मशीन जोडून झाली. उरली सहा.

२७ फेब्रुवारी

गोदावरीने विचारलं, “त्या बाईच्या डिस्कचं काय झालं?” म्हटलं, गेली ती. ती वह्या तपासत होती. पेन थांबलं, परत चालू झालं. इतक्या वर्षांत मी कधी कुठली वस्तू ‘गेली’ म्हणून पंधरवड्यात सोडली नव्हती, हे तिला ठाऊक आहे.

६ मार्च, शनिवार

होळी. नैवेद्य दाखवला, नारळ टाकला. आमच्या आळीत ढोल वाजताहेत. तिकडे आज पालखी निघाली असेल. निघो. आपण बरं, आपलं काम बरं.

भित्रा आहे मी. हे एकदा लिहायला हवं होतं.

९ मार्च

ठकूबाई आली ती हसत. मला वाटलं चांगू गेला आणि बाईचं डोकं फिरलं.

तसं नाही. चांगूने माफी मागितली! पुरावा मिळत नाही म्हटल्यावर होळीच्या आदल्या दिवशी अंथरुणातून उठला, देवळात नारळ ठेवला, गावकीच्या पाया पडला. घेतलं परत. पालखी दारात आली, घटकाभर थांबली. चांगूने स्वतः खांदा दिला. “माणसागत जेवले ओ त्या दिवशी.” माझ्यासाठी चार पुरणपोळ्या आणल्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. “तुमच्याकडं डिस्क चालली नाय ते बरंच झालं. चालली असती तर वैर वाढलं असतं.”

सुटलो असं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हणजे माझ्या भित्रेपणाने एक घर वाचलंच की!

मग म्हणाली, दोन अटी आहेत. राहीबाईला विहिरीवर येऊ द्यायचं नाही. आणि डिस्क पुसून आणायची. “चालत नसली तरी पुसा. मुरारीभाऊंला तुमच्या हातची चिठ्ठी पायजे.”

राहीबाई आता पाणी कुठून आणते, मी विचारलं. ठकूबाईने पदर सारखा केला. “नदीवरनं. लांब हाय.” मग, “मी तरी काय करू?”

मलाही तेच म्हणायचं होतं.

१० मार्च

जंपर काढला. नव्या मशीनवर लावली. करू का? हो. नक्की? हो. वीस मिनिटं लागली. आधी सीडीवर कॉपी काढायला आणखी दहाच लागली असती. रायटर हाताशी होता, कोऱ्या सीडींचा गठ्ठा होता. हात गेला नाही.

चिठ्ठी लिहून दिली. सही केली. डिस्क आता चाळीसची चाळीस दिसते आणि रिकामी आहे.

पोळ्या गोदावरीने खाल्ल्या नाहीत. मी एक खाल्ली.

१७ मार्च, बुधवार

दुपारी एक बाई आली. पन्नाशीची, काटक, तळव्यांना भेगा. सांगायच्या आधीच ओळखलं. राहीबाई.

पोलादपूरपर्यंत चालत आली होती, कारण वाडीतल्या जीपवाल्याने बसू दिलं नाही. उंबऱ्यावर थांबली नाही, परवानगी मागितली नाही. समोरच्या खुर्चीवर बसली.

“ठकूच्या घरानं माफी मागितली. मी नाय मागायची. त्या शूटिंगात माझं पण नाव हाय, असं अनिल बोलला मला तवाच. ते मला पायजे. वकीलबाईंकडं जायचंय.”

आणि मला कधी सुचलंच नाही! महिनाभर मी ती ठकूबाईची डिस्क समजत होतो. ठकूबाईची अडचण, ठकूबाईची सुटका, ठकूबाईची पोळी. जिच्यामुळे सगळं सुरू झालं तिचाही तो पुरावा होता, तिचा एकुलता एक, आणि तो मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुसला.

म्हटलं, “पुसली ती.”

“चालत नव्हती ना?”

उत्तर तयार होतं. ‘नाही चालत.’ जिभेवर आलं होतं.

“चालत होती,” मी म्हणालो.

शिवी दिली असती तर घेतली असती.

“तुमी बघितलंत आत काय होतं ते?”

“बघितलं.”

“मग तुमीच सांगा.”

मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तोवर ती निघून गेली होती.

१८ मार्च

गोदावरीला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांत तिच्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही धड लपली नव्हती. म्हटलं, वकीलबाईंकडे सांगायला गेलो तरी नुसत्या माझ्या शब्दाला काय किंमत? उद्या मुरारीशेठ म्हणतील, बाळशेठ कामावरून रागावलाय. कोण काय बोललं, किती वाजले होते, तारीख कुठली, हे आता मला तरी नेमकं कुठे आठवतंय?

ती म्हणाली, “रोज लिहिता ते मग काय लिहिता?”

१९ मार्च

वकीलबाईंनी सतरा फेब्रुवारीचं पान दोनदा वाचलं. कितपत टिकेल सांगता येत नाही, पण तारखेनिशी लिहिलेलं दुसरं काही नाही, म्हणाल्या. मी विचारलं, तेवढंच पान फाडून देऊ? नाही म्हणाल्या, एक पान फाटलं तर बाकीच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, वही सबंध द्यायची. म्हणजे सोळा तारीखही वाचणार, वीसही, दहा मार्चही. मुरारीशेठ वाचतील, ठकूबाईला कुणीतरी वाचून दाखवेल. आजचं एवढं लिहायला घरी मागून आणली, उद्या सकाळी देऊन येतो.