बांधलेलं दाखव, मग दुसरं

९ सप्टेंबर

वही गणपतीच्या आधी आणलेली. रोज उद्या उद्या करत आज उघडली. कारण काही नाही, कंटाळा. मधे आईने तिच्यावर गरम पातेलं ठेवलं, पुठ्ठ्यावर गोल डाग पडलाय.

तर नोकरी लागली. परत. मरोळच्या सुपरमार्केटमध्ये, पहिल्या मजल्यावर, कपड्यांची पावडर आणि बादल्या यांच्यामधे एक टेबल. त्यावर विमानांची किट. प्लास्टिकचे तुकडे, गोंद वगैरे नाही, टक टक दाबलं की विमान. मी पिवळा टी-शर्ट घालून दिवसभर दाबत बसते, लोक बघत बसतात. तेलाच्या मोठ्या डब्यावर एक विमान फुकट. बायका डबा उचलतात, विमान पोराच्या अंगावर टाकतात आणि कांद्यांकडे जातात.

मॅनेजर मनीष सर (यापुढे म.स., पूर्ण लिहिण्याची त्यांची लायकी नाही) म्हणाले, तुझा हात चांगला चालतो, कुठे शिकलीस. म्हटलं, असंच.

असंच कसलं. डॉमनिक अंकलच्या दुकानात. कॉलेज सुटलं तेव्हा मी तिथेच पडलेली असायची. दुकान इथून चालत जाण्याएवढं जवळ, गावठाणात, क्रुसाच्या बाजूला. पण म.स.ना सांगितलं नाही.

११ सप्टें.

सुट्टी. खरं तर मढला जाऊन बोंबील खायचे होते, बसच आली नाही, म्हणून अंकलकडे गेले.

दुकान तसंच. बाल्साच्या हलक्या लाकडी पट्ट्या, गोंदाचा वास, फळीवर गिऱ्हाइकांनी बांधून आणलेली विमानं, जहाजं. अंकलचा नियम सगळ्या मरोळला माहीत आहे: पहिलं बांधून आणून दाखव, मगच दुसरं मिळेल. पैसे घेऊन उभा राहिलास तरी नाही. माझं पहिलंच अजून अर्धवट पडलंय त्याच्याकडे, त्यामुळे मला त्याने कधी दुसरं विकलं नाही. वरून विमान गेलं की अंकल बोलता बोलता थांबतो आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे बोलतो. आज बरेचदा थांबला. बोलायला फार नव्हतं, हे त्याला बरंच झालं असणार.

एक माणूस आला, आमच्याकडचं फुकट विमान घेऊन. पंख तुटलेला. गोंद मागितला. अंकलने छोटी ट्यूब काढली, किंमत सांगितली. तो म्हणतो, तिकडे अख्खं विमान फुकट देतात आणि तुम्ही नुसत्या गोंदाचे पैसे घेता? अंकलने एक थेंब लावून दिला. माणूस थँक्यू न म्हणता गेला. वर पंख उलटा लावलाय असंही म्हणाला. उलटा त्यानेच धरलेला.

मागच्या खोलीतून रॉनी आला, अंकलचा धाकटा भाऊ. जागा दोघांची. त्याला ती मोमोवाल्याला भाड्याने द्यायची आहे. दिवाळीपर्यंत दुकानाने स्वतःचं वीजबिल तरी भरून दाखवावं म्हणाला, नाहीतर शटर मोमोचं. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं, मुद्दाम. अंकल पट्टीला पॉलिश पेपर मारत राहिला. ती कधीच गुळगुळीत झालेली.

१३ सप्टें.

मला एक आयडिया आली. मला आयडिया आली की कोणाची तरी वाट लागते.

म.स.ना म्हटलं, शनिवार-रविवार गर्दी आवरत नाही, एक माहीतगार म्हातारा आहे, ठेवता का. म्हातारा स्वस्तात मिळेल का, एवढंच विचारलं त्यांनी. मग अंकलकडे गेले. वाटलं ओरडेल. तो विचार करून म्हणाला, तेवढ्यात विजेचं सुटलं तर रॉनी गप्प बसेल.

जाता जाता पिवळा टी-शर्ट दिला. त्याने उलटून पालटून शिवण बघितली.

१४ सप्टें., रविवार

अंकल चर्चमधून, मिस्सावरून थेट आला. इस्त्रीच्या शर्टावरच तो टी-शर्ट चढवलेला, कॉलर वर आलेली. आमच्या काउंटरवरच्या पोरी त्याला पिवळा फादर म्हणायला लागल्या. मीपण म्हटलं एकदा. त्याला ऐकू गेलं नाही बहुतेक.

तासभर बरा होता. मग एक बाई आली, नटलेली, ट्रॉलीत तेलाचे दोन डबे आणि दोन विमानं. अंकलने तिला थांबवलं. गेल्या आठवड्यातलं बांधलं का, विचारलं. ती म्हणे कुठलं. तो म्हणाला, घरी असेल ना एखादं, ते आधी बांधून आणा, दाखवा, मग हे. आणि ट्रॉलीतून दोन्ही खोके काढून परत फळीवर लावले. नीट, रांगेत.

त्याला वाटतच नव्हतं की काही चुकतंय. इतकी वर्षं त्याने दुसरं काही केलेलंच नाही.

बाई जी ओरडली. म.स. धावत आले, माफी, वर एक विमान जास्तीचं. मग अंकलला बादल्यांच्या मागे नेऊन दम. अंकल, हे दुकान आहे, शाळा नाही. मी मधे पडले. त्याला वाचवायला म्हणून सांगितलं की त्यांच्या दुकानात नियमच आहे असा, बांधून आणलं तरच दुसरं.

म.स.नी दम देणारं बोट खाली घेतलं. मग हसले.

“म्हणजे लोक परत येतात?” म्हणाले. “बांधलेलं घेऊन, परत, स्वतःहून?”

माझ्या जिभेला हाड नाही.

२० सप्टें.

बॅनर लागला. लाल अक्षरं: बांधून आणा, दुसरं फुकट! खाली बारीक अक्षरात, तेलाच्या बिलासह. बाजूला अंकलचा फोटो, विमानाचे पंख लावलेला, डोक्यावर पायलटची टोपी. फोटो कोणी काढला माहीत नाही. त्याला विचारलेलं नाही, हे नक्की.

नावपण दिलंय त्याला. विमानकाका. अंकल त्याखालून आला आणि वर बघितलंच नाही.

डोकं भणभणलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत निघून जोगेश्वरीच्या गुंफेत जाऊन बसले. गार असतं. तिथे एक कुत्री व्यायली आहे, पाच पिल्लं, त्यातलं एक पांढरंफटक. उशीर झाला. अर्धा दिवस कापला.

२१ सप्टें., रविवार

लाइन जिन्यापर्यंत. पोरं, आया, बाप, सगळ्यांच्या हातात विमान. अंकल टेबलामागे, हातात ‘पास’ लिहिलेली स्टिकरं. म.स.नी सांगितलेलं, सगळ्यांना चिकटवायचं, फक्त बिल बघायचं.

अंकलने पहिलं विमान घेतलं, डोळ्यासमोर आडवं धरलं, शेपटी हलवली. परत दिलं. नापास. दुसरं नापास. तिसऱ्याचं चाक वाकडं. पोरं रडायला लागली, बाप तापले. एक जण म्हणाला, अहो फुकटचं आहे, द्या ना. अंकल म्हणाला, फुकटचं आहे मग घाई कसली, घरी जाऊन नीट लाव.

मग लाइनीत कुलकर्णी साहेब. बँकेतून रिटायर, अंकलचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. दुकानातल्या फळीवरचं सगळ्यात मोठं जहाज त्यांचं. आज काखेत तेलाचा डबा. त्यांनी अंकलला बघितलं आणि विमान पाठीमागे धरलं, सापडलेल्या पोरासारखं. नातवाचं आहे म्हणाले.

अंकलने हात पुढे केला, घेतलं, बघितलं.

“तुम्ही बांधलंय हे,” म्हणाला. “नातू एवढं वाईट नाही बांधणार.”

मागची सगळी लाइन हसली. कुलकर्णी साहेबांचे कान लाल झाले, डबा तिथेच ठेवून गेले. अंकलला थांबवायचं होतं त्यांना. अर्धा उठला पण. तेवढ्यात पुढचं विमान समोर.

म.स.नी माइक आणला. अंकलने माफी मागायची, सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशी. काय बोलायचं ते मीच सांगितलं, कानात, एक एक वाक्य. त्याने एक एक म्हटलं. मधे तो थांबला. दुकानातल्यासारखाच, वरून विमान जातंय तसा. पण इथे आत विमान ऐकूच येत नाही. सगळे वाट बघत उभे, तो छताकडे बघतोय. मला हसू आलं. फुटलंच. माइकमध्ये गेलं.

मग त्याने टी-शर्ट काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. इथे परत पाय ठेवणार नाही म्हणाला. माइक चालूच होता.

२४ सप्टें.

स्टिकरं आता माझ्याकडे. म.स.नी टेबलामागची खुर्ची बदलून दिली, फिरणारी. पगार पण वाढवतो म्हणाले, बघू.

सगळे पास. पंख उलटे, पास. शेपटी नाही, पास. एका पोराने नुसता खोका आणला, तोपण पास. एवढं सोपं काम आयुष्यात केलं नाही.

संध्याकाळी कुलकर्णी साहेब आले. माझ्याकडे न बघता विमान पुढे केलं. पास. दुसरं घेतलं आणि हळूच विचारलं, डॉमनिक बोलला का काही. म्हटलं, मला काय माहीत. आता ते दुकानात जाणार नाहीत. कुठल्या तोंडाने जातील. आणि ते गेले नाहीत तर बाकी उरलंच कोण.

३ ऑक्टोबर

गेलेच शेवटी मी अंकलकडे. दिवाळीपर्यंत थांबला नाही रॉनी. बाहेर मोमोवाल्याचा स्टीलचा स्टीमर आलाय, प्लास्टिकसकट. आत अंकल फळ्या रिकाम्या करत होता. ज्याचं त्याचं विमान, जहाज घेऊन जा म्हणून निरोप पाठवलेले. कोणी आलं नव्हतं. कुलकर्णी साहेबांचं जहाज पायरीवर, उन्हात.

मी काहीतरी बोलायला म्हणून मोमो बरे असतात म्हणाले. हे तोंड कापून टाकायला पाहिजे.

माझं अर्धवट विमान त्याने पेपरात गुंडाळून ठेवलेलं. हातात दिलं.

“घेऊन जा गो. तुझं पहिलंच झालं नाही अजून,” म्हणाला. “आता दुसरं अडवायला कोण नाही तुला.”

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. रॉनी मागून ओरडला, हा खिळा कोणी मारलाय भिंतीत. अंकल खिळा काढायला गेला.

विमान घेऊन रिक्षात बसले. घरी ठेवायला जागा नाही. आई म्हणते, कपाटावर टाक.

५ ऑक्टो., रविवार

स्कीमचा शेवटचा दिवस. अजून उघडायचंय, टेबलाशी बसून लिहितेय. म.स.नी सकाळीच सांगितलं, उद्यापासून विमानं बंद, कंपनीने डायनॉसोर पाठवलेत. विमानांचे उरलेले खोके मागच्या दाराशी, भंगारवाला येणार. एवढ्यासाठी सगळं केलं.

मला वाटतं मी पण सोडते. मढला जाईन. किंवा गोव्याला, तिथे एका शॅकमध्ये ओळख आहे. बघू.

सिक्युरिटीचा यादव वर आला आत्ता. हसतोय. खाली लाइन लागलीय आणि पहिल्या नंबरला तुमचा तो विमानकाका उभा आहे म्हणतो. इस्त्रीचा शर्ट. एका हातात आपल्याकडचा तेलाचा डबा, कालच्या बिलासकट. दुसऱ्या हातात आपलंच फुकटवालं विमान, बांधलेलं. चेक करायला मागितलं तर हात लावू देत नाही. वरच्या पोरीला दाखवायचंय म्हणतो, तीच पास करते ना.

सोडू का वर, विचारतोय यादव.