मॉड्यूल काढलं, तरी दार उघडेना

नारिन, मंगळवार

आदरणीय सामात तायके,

भाची सैरागुलचा सलाम. तुमची कंबर कशी आहे, मामी बऱ्या आहेत ना, अंगणातल्या जर्दाळूंचा मोहोर थंडीने गळला नाही ना, हे सगळं मनापासून विचारते आहे. (आई शेजारी बसून विचारायला लावत होती. आता ती चहा ठेवायला उठली आहे, म्हणून खरं लिहिते.) तुम्ही आईचे भाऊ नसता, तर हे पत्र टपालाने आलं नसतं; मीच बिश्केकला येऊन तुमच्या दारात उभी राहिले असते.

आजोबांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणात मानाचं मेंढीचं डोकं तुमच्या पुढ्यात आलं, आणि ते हातात धरून तुम्ही सगळ्या नातलगांसमोर मला सुनावलंत, की आमच्या इस्पितळाच्या रक्तपेढीच्या सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं खातं ठेवणं हा गावंढळपणा आहे. डेटाबेसमध्ये सगळ्यांची नावं आहेतच. एक मॉड्यूल बसव, म्हणजे आत येणारा कोण हे सर्व्हर डेटाबेसलाच विचारील. मान तुमचा, डोकं मेंढीचं आणि अक्कल गेली माझी. मी बसवलं. तीन आठवडे इतकं सुरळीत चाललं, की मी तुमचं कौतुकसुद्धा केलं (ते परत घेते).

शुक्रवारी दुपारी वीज गेली आणि आली. सर्व्हर उठला, डेटाबेस उठेना. त्याला उठवायला मी आत जायला हवं, मला आत घेण्याआधी सर्व्हर डेटाबेसला विचारणार, आणि तो तर निपचित पडलेला. चार वर्षं ज्याची धूळ मी स्वतःच्या रुमालाने पुसली, तो सर्व्हर मलाच विचारत होता, आपण कोण? मी पासवर्ड हळू टाकला, जोरात टाकला, शेवटी शिव्या देत टाकला. तेवढ्यात प्रसूती विभागातून फोन आला. आसिलकान नावाची बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, गट ओ निगेटिव्ह, आणि पेढीत एकच पिशवी. रक्तदात्यांची यादी कुठे? कुलपाच्या आत. तायके, मी पुन्हा तोच पासवर्ड टाकत बसले.

नोंदणीवरच्या बूबूसारा एजे (म्हणायला एजे, म्हणजे थोरली बहीण, पण साठी उलटलेल्या, संगणकावर अजून एका बोटाने लिहितात म्हणून मी त्यांना हसत असे, याची आता लाज वाटते) उठून माझ्याजवळ आल्या.

"सरक बाई. तुझं यंत्र रुसलंय, माणसं नाही रुसलेली."

त्यांनी आठवणीतून चार नंबर फिरवले. दोन लागले नाहीत, तिसरा गुरं घेऊन डोंगरावर होता. चौथा जेनिशबेक, मिनीबस चालवणारा. तो अर्ध्या रस्त्यातून वळला आणि नऊ उतारूंसह थेट इस्पितळाच्या दारात आला. तो आत झोपून रक्त देत होता, तोवर उतारू बाहेर त्याच्या नावाने बोटं मोडत होते. पण एकही दुसऱ्या गाडीने गेला नाही. संध्याकाळी पाचला आसिलकानने डोळे उघडले. मुलगी झाली आहे. मी जिन्यात बसून रडले.

मग मात्र डोकं फिरलं. दुसऱ्या डिस्कवरून सर्व्हर चालू करून आत शिरले, डेटाबेस उठवला आणि तुमचं ते मॉड्यूल मुळासकट उपटलं. डायरेक्टरसाहेबांना बोलावून म्हटलं, या, बघा. त्यांनी पासवर्ड टाकला. नाही. मी टाकला. नाही. मॉड्यूल गेलं होतं, पण जाताना दार लावून गेलं होतं! असली वस्तू तुम्ही सख्ख्या भाचीला सुचवता? पुन्हा सगळं करून सर्व्हर सुरळीत व्हायला सोमवार उजाडला. यापुढे जेवणावळीत मला काही शिकवू नका. शिकवायचंच असेल तर तोंडातला घास आधी गिळा.

रागावलेली,
सैरागुल

ता. क. त्या जेवणाच्या दिवशी तुम्ही दिलेली चिठ्ठी मेजाच्या खणात सापडली. 'एक खातं डेटाबेसबाहेर ठेव. काढताना आधी सेटिंगमधली मॉड्यूलला विचारायला सांगणारी ओळ खोड, मगच मॉड्यूल काढ.' खाली दोन रेघा मारल्या आहेत. अक्षर जरा मोठं काढत जा.

ता. क. २. जबाबदार कोण, असं डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव आणि नंबर दिला. ते येत्या शुक्रवारी दहाला फोन करतील. फार ओरडतात. तुम्ही निवृत्त आहात, माझी नोकरी अजून वीस वर्षांची आहे. मुकाट्याने 'चूक माझीच' म्हणा, आणि चिठ्ठीचा विषय कृपा करून काढू नका.