डाव्या कानाची फेरपरीक्षा

३ मार्च, सकाळी
ठरलं. डाव्या कानाचं ऑपरेशन करून टाकायचं. कान तसा ठणठणीत आहे, हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. पण काल चिमणीने (नात, वय वर्षं सात) डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी गुपित सांगितलं. एक अक्षर कळेल तर शपथ! मी प्रसंगावधान राखून म्हणालो, शाब्बास, रविवारी दोघं मिळून आणू. हे उत्तर सहसा कुठेही चालतं. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग ओठांवर बोट ठेवून पळाली. आता आणायचं काय? परत विचारणं शक्य नाही, आजोबाची काही इज्जत असते. ऑपरेशन झालं की बोलता बोलता काढून घेईन.

५ मार्च
कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, सोमवारी उरकून टाका, मंगळवारी मला सोसायटीची मीटिंग आहे. म्हणाले, आधी तपासण्या. मळ आहे का, पडदा कसा आहे, ऐकण्याची टेस्ट, लागला तर स्कॅन. ऑपरेशनची घाई नाही, बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय ते कानाला हात लावणार नाहीत म्हणे. अजिबात धडाडी नाही. मळ निघाला नाही. सौ. फार निराश झाली, तीन वर्षं ती मळच म्हणत होती.

८ मार्च, रविवार
शब्द पाळला. अंदाजाने रंगपेटी आणली. चिमणी खूश झाली, पण पुन्हा ओठांवर बोट. म्हणजे रंगपेटी नव्हे. बहुतेक कुत्रा. सौ.ला गॅलरी रिकामी करायला सांगितलं, कारण सांगितलं नाही. ती पुष्कळ काही बोलली. नीट ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

१० मार्च
टेस्ट. काचेची छोटी खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे टेस्ट घेणाऱ्या बाई.
मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. परीक्षेच्या हॉलवर माझं सुपरव्हिजन असलं की मुलं चळाचळा कापायची. मला घार म्हणायची. स्वतः आयुष्यात एकदाही नापास झालेलो नाही, आणि आता या वयात होणार? पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की आवाज सोडताना बाईंचं कोपर किंचित हलतं. निरीक्षणशक्ती! कोपर हललं की बटण. दोन्ही कान पहिल्या श्रेणीत पास.
याला कॉपी म्हणता येणार नाही. कॉपीला चिठ्ठी लागते.

१२ मार्च
डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, कान उत्तम आहेत, आणि उत्तम कानाचं ऑपरेशन मी करत नाही.
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.
मग त्यांनी एक दोन टोकांचा लोखंडी काटा वाजवून डाव्या कानासमोर धरला. काही नाही. कानामागच्या हाडावर टेकवला, तर चक्क घूंऽऽ! मला बरं वाटलं, त्यांना वाटलं नाही. काटा एक सांगतोय, रिपोर्ट दुसरंच सांगतोय, म्हणाले. फेरतपासणी. मी काटा बदलून बघा असं सुचवलं. ऐकलं नाही त्यांनी.

१४ मार्च, दुपारी
शाळेतून आल्या आल्या चिमणीने रोजच्यासारखं विचारलं, आपलं गुपित लक्षात आहे ना? मी म्हणालो, आहे आहे.
नाही लक्षात. खरं सांगायचं तर भीती वाटते. पोर मोठी होईल, गुपितं दुसऱ्या कोणाला सांगायला लागेल, आणि मी आपला शाब्बास शाब्बास करत बसेन. हे पान सौ.च्या हाती लागता कामा नये.

१७ मार्च
त्याच बाई, तेच कोपर. मी तयारीनिशी, लांबचा चष्मा लावून. (उत्तम कानाचं ऑपरेशन होत नाही, हे माहीत होतं. पण समोर परीक्षा आली की राहवत नाही.) अकरा वेळा कोपर हललं, अकरा वेळा बटण दाबलं.
बाई दार उघडून आत आल्या. म्हणाल्या, काका, मशीन अजून चालू केलेलं नाही.
रागावल्या नाहीत. माझी खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली, बस्स. मी किती मुलांना असं भिंतीकडे तोंड करून बसवलंय! तिथून फार एकटं वाटतं, हे तेव्हा कोणी बोललं नाही. या वेळी खरोखर ऐकू आलं तेव्हाच दाबलं. डाव्या कानाच्या वेळी बराच वेळ अंगठ्याला कामच नव्हतं.

१९ मार्च
निकाल. उजवा कान वयाच्या मानाने चांगला. डावा सपशेल नापास. आतलं एक बारीकसं हाड जखडलं असावं, म्हणाले. ऑपरेशनने फरक पडू शकेल, पण आधी स्कॅन, आणि काही दिवस कानात मशीन लावून बघा, मग शांतपणे ठरवा. तोवर कोणी बोलायला लागलं की उजवा कान पुढे करा.
इतका सोपा उपाय मला कसा सुचला नाही? सुचला होता. पण तसं केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.
सौ.ला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. कुत्रा येणार की नाही, एवढंच विचारलं.

२२ मार्च, रविवार
चिमणीला उजव्या बाजूला बसवलं आणि कबूल करून टाकलं, की त्या दिवशीचं गुपित मला ऐकूच आलं नव्हतं, पुन्हा सांग. तिने दाराकडे बघून घेतलं आणि उजव्या कानात सांगितलं. शब्दन्‌शब्द कळला.
ती म्हणाली होती, की आजोबा, तुम्हाला या कानाने ऐकू येत नाही हे मला कळलंय, पण मी कोणाला सांगणार नाही.
त्यावर मी शाब्बास म्हणालो होतो. रविवारी दोघं मिळून आणू, असंही.