पितळेच्या तारेचे दहा वेढे

कार्कार,
ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार

ती. ट्रिनिंग वन्संना,

आशीर्वादासाठी तुमचा उजवा हात माझ्या कपाळाला लावला आहे असं समजून घ्यावं. गुडघे कसे आहेत? लांबचं कमी दिसतं असं तुम्ही मागे लिहिलं होतं, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. (जवळचंही कमी दिसत असेल तर दुकानवाल्या रामिलकडून वाचून घ्या, पण ताजा कलम मात्र स्वतःच वाचा.) तुमचे भाऊ बरे आहेत. उजवा हात अजून थरथरतो, पण जेवण जातं, आणि रागावण्याची ताकद पूर्वीइतकीच आहे, यावरून डॉक्टर समाधानी आहेत.

तुम्ही विचारलं आहे की तुमच्या पोन्सिंगने ती लोखंडी बासरी, म्हणजे यांची विजेची सिगारेट, सोडली की नाही, आणि गुड फ्रायडेला आमच्या घरात स्फोट झाला हे खरं का. बासरी सोडलेली नाही. स्फोट झाला नाही. जे झालं ते मी क्रमाने लिहिते, कारण शेजारच्या बासिलियाकाकींच्या सुनेने तुमच्या बोहोलपर्यंत काय पोचवलं असेल याची मला कल्पना आहे.

मुळापासून सांगायचं तर दोष सिस्टर पर्पेतुआंचा. कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी दुपारी त्या आम्हा चाळीस मुलींना रोझरीच्या माळा ओवायला बसवत. हातात बारीक गोल तोंडाची पक्कड, समोर पत्र्याचा डबा, डब्यात पितळेची तार. खोलीला मेणाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास. एक वेढा घालायचा आणि एक नमो मारिया म्हणायचं, म्हणजे हातही चालतो आणि जीभही कामात राहते. (जीभ मोकळी राहिली तर मुली काय बोलतात हे त्यांना ठाऊक होतं.) 'तार ओढू नका गं, वळवा,' एवढंच त्या सारखं म्हणत. आम्ही केलेल्या माळा खलाशांना जात. पन्नास वर्षांनंतर त्याच हातांनी मी नवऱ्याच्या विजेच्या सिगारेटीची कॉइल वळवीन हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्यासाठी नऊ दिवस प्रार्थनेची नोव्हेना केली असती.

पण करणार काय? डॉक्टरांनी सिगारेट तोडली. ती नळी आली. तिच्या वरच्या वाटीत दोन स्क्रूंमध्ये तारेचं एक वेटोळं बसतं, वेटोळ्यात कापूस, कापसावर फणसाच्या वासाचा रस. बटण दाबलं की तार तापते आणि वाफ निघते. विकतची वेटोळी यांना पटेनात. ज्याने चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक पंपाची मोटार स्वतः वाइंडिंग करून दिली, तो दुसऱ्याची कॉइल तोंडाला कशी लावणार? आणि हात तर असे, की चहाचा कप नेतानाही बशीत पाऊस पडतो. म्हणून वळवायचं मी, आणि चुका काढायच्या यांनी. शिकवलं मात्र नीट. तार विजेच्या शेगडीत असते त्या जातीची हवी, तिच्या अंगात विजेला अडवायची ताकद असते. वेढे कमी घातले तर अडवणूक कमी, वीज सुसाट, बॅटरी गरम. दहा वेढे घातले की मीटरवर एक पूर्णांक तीन ओहम. वेटोळं वाटीच्या कडेला टेकता कामा नये. मीटरला लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि पहिलं बटण कापूस न घालता, तोंडापासून हात लांब धरून. दहाचा आकडा ऐकल्यावर मला फार बरं वाटलं. दहा मणी, दहा वेढे, दहा नमो मारिया. सिस्टरांना हे कळलं असतं तर त्या रुसल्या असत्या की हसल्या असत्या, हे मला अजून ठरवता येत नाही.

तर गुड फ्रायडेच्या सकाळी जुनी कॉइल जळाली आणि शेगडीची तार संपलेली. दुकानं शनिवारपर्यंत बंद. तुमचे भाऊ व्हरांड्यात जाऊन बसले आणि गुडघा हलायला लागला. तो गुडघा मी ओळखते. मागच्या वर्षी याच दिवशी तो असाच हलत होता, आणि दुपारी मला हे कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडले होते, सिगारेटसकट. त्यानंतरचे नऊ दिवस आम्ही सेबूच्या हॉस्पिटलमध्ये काढले. पुन्हा एकदा झालं तर मला बोलवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि या वेळी घरात तुम्ही पाम संडेला पाठवलेली लोम्बॉयच्या, जांभळाच्या पानांत वळलेल्या बारा विड्यांची जुडीही होती. यांनी ती घरातल्या वेदीवर, बाळ येशूच्या, आपल्या सांतो निन्योच्या मूर्तीमागे ठेवून दिली होती.

मग मला कॉन्व्हेंटमधून माझ्याबरोबर आलेला सिस्टरांचा डबा आठवला. पितळेची तार होती, चकचकीत होती, आणि बिशपांनी आशीर्वाद दिलेली होती. मी मनात म्हटलं, याहून सुरक्षित तार कुठे मिळणार? दहा वेढे घातले, एकही नमो मारिया न गाळता. इतकं सुंदर वेटोळं मी जन्मात केलं नव्हतं. मीटर लावला नाही, हे कबूल करते. तो किंचाळतो, आणि भिंतीपलीकडे बासिलियाकाकींकडे पॅशनचं, प्रभूच्या दुःखभोगाचं, सुरात पठण चाललं होतं. प्रभू क्रुसावर असताना आपल्या घरातून पी-पी आवाज यावा हे मला बरं दिसेना.

बटण दाबलं. तार लाल झालीच नाही. नळी मात्र तव्यासारखी तापली आणि बटण आत गेलं ते वर येईना. यांनी खिडकीखाली वाळूची बादली ठेवली आहे. (दोन वर्षं मी तिच्यावरून अडखळून त्यांना बोलते आहे.) मी नळी तीत फेकली. फुस्स करून पांढरा धूर निघाला आणि भिंतीवरून थेट काकींकडे गेला.

आता, पठण मध्येच थांबवायचं नसतं हे तुम्हाला माहीत आहे. काकींनी थांबवलं नाही. त्याच चालीत, त्याच रडव्या सुरात त्यांनी विचारलं, "मेडिंग गंऽऽ, तुझ्या घराला आग लागली काऽऽ?" मीही त्याच चालीत गायले, "नाही होऽऽ काकी, यांची नळी तापलीऽऽ." पलीकडून सगळ्या बायकांनी शेवटचा शब्द धरला आणि पुढचं कडवं सुरू झालं.

हे लंगडत आत आले. बादलीत वाकून बघितलं.

"पितळ? अगं, पितळ?"

"आशीर्वादाची तार आहे."

"असेल. पण ती अडवते कुठे? ती तर येईल त्याला दार उघडते."

"दहा वेढे घातले होते, अहो."

"पितळेचे शंभर घाल. आकडा तारेचा असतो, तुझ्या प्रार्थनेचा नाही." मग माझे हात बघितले आणि आवाज उतरला. "लांब धरली होतीस ना?"

"हो."

"मग झालं तर. तेवढं तरी ऐकतेस."

शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात नळी नव्हती. हे आलं चघळत बसले. गुडघा हलत होता. मी वाटीभर बिन्यिग्नित, आपली कंदांची गोड खीर, पुढे ठेवली, तीही संपवली. वेदीकडे एकदाही गेले नाहीत. ईस्टरला सकाळी मूर्तींवरचं जांभळं कापड काढलं तेव्हा तुमची जुडी सांतो निन्योच्या मागे होती तिथेच होती, वर तुमच्याच अबाकाच्या वाखाच्या दोऱ्याची गाठ. तुमचे भाऊ माझ्यासमोर जुडीकडे बघून म्हणाले, "ताईला कळव, मी हात लावला नाही." म्हणून कळवते.

तुमची,
मेडिंग

ता. क. रामिलच्या दुकानातून शेगडीच्या जातीच्या तारेची दोन रिळं पाठवावीत. त्याने मीटरला लावून बघितलेली.

ता. क. २. संत कातालिनाच्या सणाला इकडे याल तेव्हा विड्या आणू नका. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही, हे मागते.

ता. क. ३. तुमचं पत्र आलं की हे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचतात, म्हणून पुढच्या मजकुराचं उत्तर देऊ नये. यांनी जुडीला हात लावला नाही हे खरं आहे. पण आता तिच्यात बारा नाहीत, अकरा आहेत. त्या दुपारी नळी गार झाल्यावर माझे हात यांच्यापेक्षा जास्त थरथरायला लागले, आणि यांना ते दिसायला नको होतं. मी खुराड्यामागे जाऊन एक पेटवली. पेटतं टोक तोंडात धरून, माझ्या लग्नाच्या वर्षी तुम्ही शिकवलं होतं तसंच. गाठ पुन्हा तुमच्यासारखी बांधायला मला चार खेपा लागल्या. सिस्टर पर्पेतुआ म्हणायच्या ते दोऱ्यालाही लागू आहे: ओढायचं नाही, वळवायचं.