नावेच्या तळावरचे ओरखडे

१४ मे १९८६
पोचलो एकदाचा! अहेरीच्या बसनं अलीकडच्या तीरावर सोडलं, डोंग्यातून पलीकडे आलो. चंद्रपुरात दहा वर्षं ट्रकांना रंग फासला, आता फायबरच्या नावेची पाळी. घाटाचे साहेब म्हणाले, मृग लागायच्या आत नाव पाण्यात उतरली तर घाटावरची कायमची नोकरी माझी. सोबत खोली, अंगणात सीताफळाचं झाड. चंदाला लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःची चूल मिळेल. चौकीदार वारलूभाऊ मदतीला आहे. बोलतो कमी, पण कामात चोख. नाव मोहाच्या सावलीत ओंडक्यांवर पालथी पडली आहे.

१६ मे
तळाचा जुना रंग खरवडला. फायबरला चण्याएवढे फोड आलेत. टोचले की आंबूस पाणी सुटतं. ते होतंच, फोडायचे, सुकू द्यायचे, पुट्टी भरायची. डोकेदुखी वेगळीच आहे. अकरा ठिकाणी खोल ओरखडे, चार-चार रेघांचे, आणि प्रत्येकावर कुणीतरी मोहाचं तेल चोपडलेलं. तेलावर रंग धरत नाही हे शेंबडं पोरही सांगेल! ओरखडे खडकाचे असावेत. अस्वलाचे असतील तर ते डोईला तेल लावून आलं होतं म्हणायचं. थिनरनं सगळं पुसून काढलं.

१९ मे
आज सकाळी पुन्हा तेल. बुधरीबाई नावाची म्हातारी ते लावताना सापडली. हाकललं, तर नावेला पाठ टेकवून उभी राहिली. ‘घासू नोको बापू,’ एवढंच म्हणाली. मला हसू आलं. दंडाला धरून तिला बाजूला केलं आणि पॉलिश पेपरनं अकराही जागा घासून सपाट केल्या. हात लावला तर काही लागू नये, असं काम झालं.
चंदाला पत्र टाकलं. सात जूनला नाव सुरू होईल, पहिल्याच फेरीनं ये, हिरवं पातळ नेस. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट धानाच्या मशीननं नेलं, तरी तिचं अक्षर माझ्याहून सुबक. करमत नाही तिच्यावाचून.

२२ मे
गावानं माझं पाणी तोडलं. मी विहिरीवर गेलो की बाया भरल्या घागरी उपड्या करून निघून जातात. दुकानदार मीठ देत नाही. आधी वाटलं, जयभीमवाला म्हणून. तसं नव्हतं.
शेवटी वारलूभाऊला धरलं, तेव्हा तो बोलला. गेल्या श्रावणात ही नाव पुरात उलटली. अकरा माणसं उलट्या तळाला धरू पाहत होती. फायबरला धरायला काय असतं? प्रेतं सापडली नाहीत, म्हणून कुणाच्या नावाचा दगडही उभा करता आला नाही. ज्यानं त्यानं आपल्या माणसाची नखं ओळखली आणि तिथं तेल लावू लागला. बुधरीबाईचा मुलगा त्यातलाच. ‘आमचे मानसं घासून टाकले तू,’ वारलूभाऊ म्हणाला. शरमेनं मान वर करवेना. माफी मागायला गेलो, तिनं तोंडावर दार लावलं.

२७ मे
नाव सुकत नाही. अंगाची लाही करणारं ऊन, तरी त्या अकरा जागांतून पाणी पाझरतं. सकाळी भरलेली पुट्टी दुपारी लगदा होऊन गळते. तो आंबूस वास माझ्या भाकरीलाही लागला आहे.

१ जून
पाणी थांबलं. एकदम. प्रायमर बसला, लाल रंगाचा पहिला हात झाला. वारलूभाऊ आता येत नाही. काम होत आलंय, तरी तासातासाला तळावर हात फिरवून बघतो.

४ जून
दुसरा हात वाळला. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत ओरखडा उमटला — बारावा. जवळ कुणी नव्हतं. रेघा तीनच. एक, मग रिकामी जागा, मग दोन.
मधलं बोट नाही.

५ जून
घासतो. पुन्हा येतो. घासतो —
चंदाला तार करायला हवी, ‘येऊ नको’. तारघर पलीकडच्या तीरावर, आणि डोंगेवाला मला बसवत नाही. साहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, ऊन लागलंय तुला.

६ जून
कुऱ्हाड घेऊन गेलो. एक घावही बसला नाही, साहेबांच्या माणसांनी पकडलं. नाव पाण्यात उतरवली. मला खोलीत घालून बाहेरून कडी —

७ जून
खिडकीतून नदी दिसते. पूर नाही, वारा नाही. नाव पलीकडून निघाली. हिरवं पातळ — पुढेच बसली आहे. हसते आहे.
ओरडलो. घसा बसला —
कडी निघाली. बुधरीबाई. हातात पाण्याचा तांब्या. या गावात मला पहिल्यांदा कुणी पाणी दिलं. तेलाची वाटी खिडकीत ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, ‘पी बापा. आता तू बी आमच्यातलाच.’
नाव मध्यावर. चंदानं मला पाहिलं. उभी राहिली — अगं बस — चंदा, खाली ब